हरताळाखालचा मदन
व्हर्मीरच्या एका चित्राचा पाठनिर्णय

वलंदेज हें नांव आमच्या वाचकांस नवीन नाहीं. इ. स. १६३७ सालीं वेंगुर्ल्यास स्थापन झालेली त्यांची वखार आणि तेथून गेलेल्या पत्रांतील शिवकालीन उल्लेख यांचा उपयोग इतिहाससंशोधकांनीं वारंवार केलेला आहे. परंतु ज्या काळीं हे व्यापारी आमच्या किनाऱ्यावर हिशेबाच्या वह्या लिहीत होते, त्याच काळीं त्यांच्या मायदेशीं घराघरांतून चित्रें टांगलीं जात होतीं, आणि त्यांतील कांहींचा अर्थ लावण्याचा वाद अद्यापि संपलेला नाहीं, ही गोष्ट आमच्याकडे फारशी चर्चेंत येत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय असें एक चित्र आहे. डेल्फ्ट गांवचा चित्रकार योहानस व्हर्मीर यानें तें सुमारें १६५७ ते १६५९ या अवधींत, म्हणजे जावळी घेतल्यानंतर व अफझलखानाच्या प्रसंगाच्या सुमारास, रंगविलें. आज तें जर्मनींतील ड्रेस्डेन येथील प्राचीन चित्राचार्यांच्या संग्रहालयांत आहे. ‘उघड्या खिडकीपाशीं पत्र वाचणारी मुलगी’ या नांवानें तें ओळखलें जातें.

परदेशीय चित्राची चर्चा या पृष्ठांत कशासाठीं, अशी शंका कोणी घेईल. उत्तर सोपें आहे. या चित्राचें जें झालें तेंच आपल्या संग्रहांतील पोथ्यांचें होत असतें. त्याचा एक भाग झांकला गेला. झांकलेली जागा कोरीच होती असें लोक समजले. आणि मग त्या कोरेपणाचाच अर्थ लावण्यांत आला. अर्थ लावणाऱ्यांत आम्हीहि होतों. तेव्हां हा लेख एका परीनें आमचें पूर्वीचें मत मागें घेण्यासाठीं लिहिला आहे, हें प्रारंभींच सांगणें बरें.

(१) चित्राचें स्वरूप

चित्र इ. स. २०१७ पर्यंत जसें दिसत असे तसें प्रथम सांगतों. तें कापडावर तैलरंगांत काढलेलें असून सुमारें ८३ सेंटिमीटर उंच व ६४.५ सेंटिमीटर रुंद आहे. घरांतील एक खोली दाखविली आहे. डाव्या हातास उघडी खिडकी असून तिच्या दारावर तांबडा पडदा टाकलेला आहे. खिडकीकडे तोंड करून एक तरुण स्त्री उभी आहे. आपणांस तिची एकच बाजू दिसते. दोन्ही हातांत पत्र, मान किंचित् लवलेली, दृष्टि अक्षरांवर. खिडकीच्या काचांत तिच्या मुखाचें अंधुक प्रतिबिंब पडलें आहे. अलीकडे मेजावर तुर्की गालिचा असून त्याच्या वळ्यांवर चिनी मातीची थाळी कलंडली आहे व तींतील फळें बाहेर आलीं आहेत. एक फळ चिरलेलें असून आंतली बी दिसते. अगदीं पुढें, उजवीकडे, दांडीला कड्यांनीं अडकविलेला हिरवट पडदा आहे. हा पडदा खोलींतला नव्हे, चित्रावरच टांगलेला आहे, असा भास व्हावा अशी चित्रकाराची योजना दिसते; कारण त्या काळीं वलंदेज गृहस्थ आपलीं चांगलीं चित्रें धुळीपासून व उजेडापासून राखण्यासाठीं त्यांवर खरोखरीचे पडदे लावीत.

आणि या स्त्रीच्या मागें, चित्राचा बराच मोठा भाग व्यापून राहिलेली, मोकळी भिंत.

(२) पूर्वीचा अर्थ

काव्याचें तात्पर्य ठरविण्यास शब्द असतात. मीमांसकांनीं तात्पर्यनिर्णयाचीं सहा लिंगें सांगितलीं आहेत. त्यांत उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता हें पहिलें. चित्रास उपक्रमहि नाहीं व उपसंहारहि नाहीं. तें एकाच क्षणीं सबंध समोर असतें. त्यांतून स्त्री एकटी असली म्हणजे अडचण वाढते. दोन माणसें असतीं तर त्यांच्या हावभावांवरून कांहीं संवाद कल्पितां आला असता. एकटी स्त्री घरांत उभी राहून पत्र वाचीत आहे, यावरून पत्र कोणाचें, सुखाचें कीं दुःखाचें, वाचणारी कुमारिका कीं विवाहिता, यांपैकीं कांहींच सिद्ध होत नाहीं. अशा वेळीं पाहणारा भोंवतालच्या वस्तूंकडे वळतो आणि त्यांपासून अर्थ काढूं लागतो.

आमच्या परंपरेंतील चित्रकारांनीं ही अडचण ओळखून तिचा परिहार करून ठेविला होता. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आठ नायिका सांगितल्या आहेत: वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका आणि अभिसारिका. यांपैकीं कित्येक जणी चित्रांत घरांत किंवा घराच्या उंबऱ्यावर एकट्याच दिसतात, व नुसत्या आकृतीवरून एकीस दुसरीपासून निराळी ओळखणें कठीण पडतें. म्हणून रागमालेच्या किंवा नायिकाभेदाच्या चित्रावर माथ्याच्या पट्टींत अथवा पाठीवर श्लोक, दोहा किंवा निदान नांव तरी लिहिलेलें असतें. भानुदत्ताच्या रसमंजरीवरील बसोहली शैलींतील प्रसिद्ध चित्रें घ्या. तेथें श्लोक व चित्र यांची जोडी आहे. श्लोक काढून घेतला तर नायिकेचा निर्णय पुष्कळदा अनुमानावर राहील. चित्राबरोबर त्याची टीका येते, ही आमची पद्धति.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत आम्हीं व्हर्मीरच्या या चित्राची छापील प्रत श्रोत्यांपुढें ठेविली होती. येथें माथ्यावर पट्टी नाहीं. तेव्हां आपणच ती लिहूं, असें म्हणून आम्हीं या स्त्रीस प्रोषितभर्तृका ठरविलें. पति परदेशीं, बहुधा पूर्वेकडच्या समुद्रांत. उघडी खिडकी ही त्याच्या वाटेची. कलंडलेली थाळी ही गृहिणीच्या दुर्लक्षाची खूण. आणि आमचें मुख्य प्रमाण होतें ती मोकळी भिंत. ही भिंत म्हणजेच विरहाची शून्यता, चित्रकारानें जें काढलें नाहीं त्यांतच त्यानें सर्व कांहीं सांगितलें आहे, असें आम्हीं मोठ्या उत्साहानें प्रतिपादिलें. श्रोत्यांस तें आवडलें, आम्हांसहि आवडलें. हा दोष केवळ आमचाच होता असें नाहीं. व्हर्मीरची थोरवी त्याच्या संयमांत, त्याच्या रित्या भिंतींत आहे, असें या चित्राच्या आधारें इतरांनींहि म्हटलें आहे. परंतु पुष्कळांनीं केल्यानें चूक प्रमाण होत नाहीं.

(३) चित्राची वंशावळ

कोणत्याहि प्रतीचा पाठ स्वीकारण्यापूर्वीं ती कोणाकोणाच्या हातांतून आली हें आपण पाहतों. या चित्राची कथा त्या दृष्टीनें उद्बोधक आहे. व्हर्मीरचा बाप्तिस्मा १६३२ च्या ऑक्टोबरांत डेल्फ्ट येथें झाला. १६५३ सालीं त्याचें लग्न झालें व त्याच वर्षाअखेर तो तेथील चित्रकारांच्या श्रेणींत दाखल झाला. १६७५ च्या डिसेंबरांत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. त्याच्या हातचीं म्हणून आज मान्य असलेलीं चित्रें सुमारें पस्तीस ते सदतीस आहेत. मृत्यूनंतर त्याचें नांव बव्हंशीं मागें पडलें.

प्रस्तुत चित्र १७४२ सालीं सॅक्सनीचा अधिपति व पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याच्यासाठीं खरेदी होऊन ड्रेस्डेनला आलें, तें रेम्ब्रांटचें म्हणून. पुढें १८२६ सालीं तें पीटर द होख याच्या नांवावर चढविण्यांत आलें. व्हर्मीरचा पुनरुद्धार करणारा फ्रेंच समीक्षक तोरे-ब्यूर्जर यानें १८६० च्या सुमारास तें खऱ्या कर्त्याच्या पदरीं घातलें. म्हणजे शंभराहून अधिक वर्षें हें चित्र परक्या नांवानें वावरलें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ड्रेस्डेनच्या इतर चित्रांबरोबर तें रशियन सैन्यानें मॉस्कोस नेलें; १९५५ सालीं तीं चित्रें परत आलीं.

पुष्पिका पुसली गेल्यामुळें एका कवीचा ग्रंथ दुसऱ्याच्या नांवावर खपतो, हें आपल्या नित्य अनुभवाचें आहे. ज्या चित्राचा कर्ताच इतका काळ चुकीचा धरला गेला, त्याचा पाठ तरी अखंड राहिला असेल काय, ही शंका त्याच वेळीं यावयास हवी होती.

(४) भिंतीखालीं काय होतें

ती शंका १९७९ सालीं क्ष-किरणांनीं उत्पन्न केली. तैलचित्रांत पांढऱ्या रंगासाठीं पूर्वीं शिशाचा सफेता वापरीत. शिसें क्ष-किरणांस अडवितें. म्हणून जेथें सफेता अधिक तेथें छायाचित्रांत उजळ डाग दिसतो, मग तो भाग वरच्या थराखालीं कां दडलेला असेना. ड्रेस्डेनच्या चित्राच्या अशा तपासणींत मोकळ्या भिंतीच्या जागीं एक मोठी चौकट आणि तींत उभा असलेला नग्न बालक दिसला. हातांत धनुष्य: पाश्चात्यांचा मदन. खोलींतल्या भिंतीवर टांगलेलें चित्र म्हणून तो काढलेला होता.

येथेंच सर्वांत मोलाची चूक झाली. मदन आहे हें सिद्ध झालें. पण तो कोणी झांकला हें सिद्ध झालें नव्हतें. तथापि व्हर्मीरनेंच पुढें विचार बदलून तो पुसला, असें गृहीत धरण्यांत आलें आणि जवळजवळ चाळीस वर्षें तें तसेंच चाललें. कारण उघड आहे: मोकळी भिंत सुंदर दिसत होती, आणि सुंदर दिसतें तें कर्त्याचेंच असणार अशी आपली समजूत असते. आम्हांस व्याख्यानाच्या वेळीं या क्ष-किरणांची वार्ता ठाऊक होती. आम्हीं तिचा उपयोग उलट आपल्याच पक्षीं केला. आधीं मदन काढून मग कवीनें तो पुसला, म्हणजे व्यक्तावरून अव्यक्ताकडे गेला, असें आमचें वाक्य होतें. तें आज आठवलें म्हणजे संकोच वाटतो.

(५) इ. स. २०१७ ची तपासणी

२०१७ सालीं चित्राचा जीर्णोद्धार हातीं घेण्यांत आला. वरचें जुनें पिंवळें पडलेलें रोगण काढीत असतां भिंतीच्या भागावरील थर इतर भागांहून निराळ्या रीतीनें विरघळतो असें काम करणाऱ्यांच्या लक्षांत आलें. तेव्हां रंगाचे अत्यंत सूक्ष्म कण घेऊन त्यांचा उभा छेद सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहण्यांत आला. मदनाचा रंग आणि त्यावरील भिंतीचा रंग हे एकमेकांस लागून नव्हते. दोहोंच्या मध्यें रोगणासारख्या बंधक द्रव्याचे थर होते, आणि त्यांवर मळाचा थर होता.

या मळाच्या थरांतच सर्व निर्णय आहे. चित्रकार आपलें चित्र पुरें करतो, तें वाळतें, त्यावर रोगण चढतें, तें कोणाच्या तरी घरीं टांगलें जातें. धूर, धूळ, काजळी त्यावर बसते. एवढें होण्यास वर्षें लागतात. तज्ज्ञांनीं हा काळ कित्येक दशकांचा ठरविला. व्हर्मीर तर हें चित्र रंगविल्यावर वीस वर्षेंहि जगला नाहीं. अर्थात् भिंत रंगविणारा हात त्याचा नव्हे. जुन्या शाईवर धूळ बसली असून त्या धुळीवरून नवी शाई फिरली आहे, असें आपण पोथींत पाहिलें असतें तर परहस्त ठरविण्यास आपणांस क्षणाचाहि विलंब लागला नसता.

हा निर्णय झाल्यावर २०१८ सालीं वरचा थर काढून टाकण्याचें ठरलें. द्रावक वापरल्यास खालच्या मूळ रंगास धोका होता, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालीं, शस्त्रवैद्याच्या लहान चाकूनें, कणाकणानें तो खरवडण्यांत आला. २०१९ च्या मे महिन्यांत अर्धा मदन उघडा झालेला असतांना चित्र लोकांस दाखविण्यांत आलें. काम पूर्ण होऊन सप्टेंबर २०२१ मध्यें तें आपल्या सबंध रूपांत पुनः मांडण्यांत आलें.

(६) स्वहस्त व परहस्त

याच चित्रांत दुसराहि एक लोप आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. उजवीकडे खालच्या कोपऱ्यांत, जेथें आज हिरवा पडदा आहे तेथें, पूर्वीं एक मोठा काचेचा पेला होता. तोहि क्ष-किरणांत दिसतो. पण तो व्हर्मीरनें स्वतःच पडद्यानें झांकला. म्हणून जीर्णोद्धारांत पडद्यास कोणी हात लावला नाहीं. असेंच त्याच्या ‘निद्रिस्त दासी’ या न्यूयॉर्क येथील चित्रांत एक पुरुष व एक कुत्रा प्रथम काढलेले असून त्यानेंच ते नाहींसे केले आहेत. दुसऱ्या माणसास काढून टाकून स्त्रीस एकटी ठेवणें ही त्याची खोड होती असें यावरून म्हणतां येतें. आणि म्हणूनच मदनहि त्यानेंच काढला असेल हें अनुमान लोकांस सुलभ वाटलें.

पोथीशास्त्रांत हा भेद मूलभूत आहे. ग्रंथकारानें स्वहस्तें केलेला शोध हा पाठाचा भाग. त्याखालचा शब्द कितीहि सरस असला तरी तो टाकलेलाच समजावयाचा. परहस्तानें केलेला शोध हा प्रतीच्या इतिहासाचा भाग. तो कितीहि सुबक असला तरी पाठांत घ्यावयाचा नाहीं. पेला व मदन दोन्ही एकाच कापडावर, दोन्ही रंगाखालीं. तरी एकाचा न्याय दुसऱ्यास लागत नाहीं. झांकलें आहे एवढें पाहून पुरत नाहीं; झांकणारा कोण हें पाहावें लागतें.

(७) मदनानें काय ठरतें, काय ठरत नाहीं

आतां हा भिंतीवरील मदन चित्राची माथ्यावरील पट्टीच होय, हें स्पष्ट झालें. वलंदेज चित्रकार श्लोक लिहीत नाहीं. तो चित्रांत दुसरें चित्र टांगतो आणि त्याच्याकडून टीकेचें काम करवितो. मदनाच्या पायांपाशीं मुखवटे पडलेले असून त्यांपैकीं एकावर त्यानें पाय दिला आहे. मुखवटा म्हणजे सोंग, कपट. ॲंटवर्प येथें १६०८ सालीं ओटो व्हान वेन याचा प्रेमविषयक संकेतचित्रांचा ग्रंथ छापला गेला. त्यांत मुखवटा तुडविणारा मदन आहे, व खऱ्या प्रेमास सोंग चालत नाहीं असा त्याचा आशय आहे. ड्रेस्डेनच्या तज्ज्ञांनीं या आधारें, प्रेमाचा कपटावर विजय हा या चित्राचा संकेत आहे, असें सुचविलें आहे.

येथें मीमांसकांचें दुसरें लिंग, म्हणजे अभ्यास, आमच्या उपयोगी पडतें. हाच मदन, किंवा त्याचा अंश, व्हर्मीरच्या आणखी तीन चित्रांत भिंतीवर टांगलेला आढळतो. वर सांगितलेल्या ‘निद्रिस्त दासी’च्या डोक्यावर त्याचा पाय व मुखवटा दिसतो. न्यूयॉर्क येथील फ्रिक संग्रहांतील, संगीतांत व्यत्यय आलेल्या मुलीच्या चित्रांत तो आहे. लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंत, वाद्यापाशीं उभ्या असलेल्या स्त्रीच्या चित्रांत तर तो हातांत एक पत्ता उंच धरून सरळ आपल्याकडे पाहतो. इतकेंच नव्हे, तर व्हर्मीरच्या मृत्यूनंतर १६७६ सालीं झालेल्या त्याच्या घरांतील वस्तूंच्या यादींत एका मदनाचा उल्लेख आहे. तेव्हां हें चित्र बहुधा खरोखरीच त्याच्या घरीं असावें, व तो तें पुनः पुनः कामास लावीत असावा. एकदां आलेली गोष्ट सहज आली म्हणतां येईल. चारदां आलेली गोष्ट हेतुपूर्वकच आणलेली असते.

यावरून काय सिद्ध झालें? पत्र शृंगारविषयक आहे, एवढें सिद्ध झालें. एवढ्यापुरता आमचा जुना अर्थ अगदींच वाया गेला नाहीं. परंतु ही स्त्री विवाहिता आहे, पति समुद्रपार आहे, तिला विरहाचें दुःख होत आहे, यांस मदनाचा कांहींच आधार नाहीं. ‘प्रोषितभर्तृका’ हें नांव आम्हीं आपल्या कोठारांतून आणून तिच्यावर चिकटविलें होतें. तें आम्ही काढून घेतों. भिंतीच्या शून्यतेविषयीं जें आम्हीं म्हटलें तें तर समूळ रद्द समजावें. ती शून्यता चित्रकाराची नव्हती, ती कोणा उत्तरकालीन हाताची रंगसफाई होती.

त्याबरोबरच दुसऱ्या टोंकास जाऊं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. मदन सांपडला म्हणून पत्राचा मजकूर सांपडला असें होत नाहीं. मुखवटा पायाखालीं आहे, यावरून पत्र लिहिणारा खरा आहे असें चित्रकार सांगतो, कीं वाचणारीनें खरें-खोटें पारखावें असा तिला इशारा देतो, हे दोन्ही अर्थ संभवतात. टीका मिळाली, मूळ पत्र तिच्या हातांतच आहे, आणि तें ती आपणांस दाखवीत नाहीं.

(८) रित्या पारड्यांचा दाखला

डोळ्यांनीं पाहण्यापूर्वीं मनानें पाहण्याचा हा दोष एकाच चित्रापुरता नाहीं, हें दाखविण्यासाठीं व्हर्मीरचेंच आणखी एक चित्र घेतों. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय चित्रशाळेंत, सुमारें १६६४ सालचें, एका एकट्या स्त्रीचें लहानसें चित्र आहे. मेजापाशीं उभी राहून ती हातांत तराजू धरून आहे. मेजावर मोत्यांच्या माळा व नाणीं पडलीं आहेत. मागच्या भिंतीवर ख्रिस्ती धर्मांतील अखेरच्या न्यायाच्या दिवसाचें चित्र आहे. १६९६ सालीं ॲमस्टरडॅम येथें व्हर्मीरचीं एकवीस चित्रें लिलांवांत विकलीं गेलीं, त्या यादींत तिचें वर्णन सोनें तोलणारी म्हणून केलेलें आहे. पुढें कोणी तिला मोत्यें तोलणारी म्हटलें. पारड्यांत सोनें धरलें कीं ती लोभी ठरे, मोत्यें धरलीं कीं ऐहिक वैभवांत गुंतलेली ठरे. आणि मागचा न्यायाचा दिवस तिला शासन करी.

सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावर पारडीं रितीं आहेत असें निष्पन्न झालें. जो ठिपका मोतीं किंवा सोनें म्हणून समजला जात होता तो उजेडाचा कवडसा. ती कांहींच तोलीत नाहीं. तराजू समतोल होण्याची वाट पाहत आहे. आतां तोच न्यायाचा दिवस तिच्याविरुद्ध न राहतां तिच्या बाजूस आला. पारड्यांतील एका ठिपक्यानें एका स्त्रीचें शील बदललें. व्यवहारांतहि याहून अधिक पुराव्यावर माणसांस दोष दिला जातो असें नाहीं.

ड्रेस्डेनच्या भिंतींत होतें तें दिसलें नाहीं. वॉशिंग्टनच्या पारड्यांत नव्हतें तें दिसलें. दोन्ही ठिकाणीं अर्थ आधीं ठरला आणि वस्तु मागाहून पाहिली गेली.

(९) खरवडणें न्याय्य होतें काय

आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरीं पोथ्यांचीं बासनें आहेत त्यांस, हा प्रश्न जवळचा वाटेल. परहस्ताचा थर परहस्ताचाच खरा, पण तोहि जुना होता. तो काढला म्हणजे एका पिढीनें हें चित्र कसें पाहूं इच्छिलें याचा पुरावा गेला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या अवधींत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तींत प्रक्षिप्त ठरलेले श्लोक पाठांतून काढले, पण फेंकून दिले नाहींत. ते तळटीपांत व परिशिष्टांत राखून ठेविले. वाचकास संपादकाचा निर्णय अमान्य असेल तर साधनें त्याच्या हातीं आहेत. चित्रास तळटीप नसते. तेथें पाठ व प्रक्षेप एकाच जागेसाठीं भांडतात. एकास ठेवावयाचें तर दुसऱ्यास नष्ट करावें लागतें.

म्हणून ड्रेस्डेन येथें जो क्रम पाळला गेला तो महत्त्वाचा आहे. आधीं छायाचित्रें व क्ष-किरण, मग कणांची परीक्षा, मग तज्ज्ञांचा विचारविनिमय, आणि सर्वांच्या शेवटीं चाकू. एवढी सिद्धता असेल तरच हात लावण्याचा अधिकार प्राप्त होतो, असें आमचें मत आहे. प्रस्तुत चित्रापुरता तो अधिकार त्यांस होता, असेंहि आम्हांस वाटतें. कारण खालचा मदन बव्हंशीं शाबूत आहे हें त्यांस आधींच कळलें होतें, व वरची भिंत कशी दिसत होती याचीं छायाचित्रें कायम आहेत.

आमच्या पोथ्यांवर भिंतीच्या रंगाऐवजीं हरताळ असतो. लेखकाचें चुकलें कीं त्या अक्षरांवर पिंवळा हरताळ फांसून वर नवीं अक्षरें लिहावयाचीं, ही परिपाठी सर्वांस माहीत आहे. ‘हरताळ फांसणें’ ही म्हण तींतूनच आली. त्या हरताळाखालीं काय आहे हें जाणण्याची इच्छा आम्हांस अनेकदां झाली आहे. आमच्या संग्रहांत एका आख्यानाची पोथी आहे. तिच्या एका पानावर सलग चार ओळी हरताळानें झांकल्या असून वर कांहींच लिहिलेलें नाहीं. पूर्वीं एका टिपणांत आम्हीं असें लिहून गेलों कीं कवीनेंच त्या ओळी नापसंत करून गाळल्या. आज तें टिपण पुनः वाचतां त्यांतील दोष दिसतो. ती पोथी कवीच्या हातची नव्हे, नकल आहे, हें तिच्या पुष्पिकेवरूनच उघड आहे. मग त्या पानावरचा हरताळ कवीचा कसा असूं शकेल? तो नकलकाराचा असेल किंवा पुढच्या कोणा मालकाचा असेल. ओळी त्याच्या मूळ प्रतींत नव्हत्या म्हणून त्यानें झांकल्या, कीं त्यास रुचल्या नाहींत म्हणून, हा निराळा प्रश्न. परंतु कवीचें नांव त्यांत गोंवण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. तें विधानहि आम्ही येथें परत घेतों.

एका स्नेह्यांनीं तो हरताळ ओलसर कापसानें पुसून पाहण्याचा सल्ला दिला होता. आम्हीं तो मानला नाहीं, व कोणीहि मानूं नये अशी विनंति आहे. काजळाची शाई पाण्यानें फुटते. हरताळाबरोबर खालचीं अक्षरेंहि जातील. शिवाय हरताळांत सोमल असतो. त्याची पूड नाकातोंडांत जाणें घातक आहे. यास दुसरा उपाय आहे. हरताळ हा डोळ्यांस अपारदर्शक असला तरी तांबड्या पलीकडील अदृश्य किरणांस पुष्कळसा पारदर्शक असतो, आणि काजळ त्या किरणांस शोषून घेतें. त्यामुळें त्या किरणांच्या योगें घेतलेल्या छायाचित्रांत खालचीं अक्षरें काळीं उमटण्याचा संभव असतो. पानास स्पर्श न करितां हें होऊं शकतें. हें होईपर्यंत पान आहे तसेंच ठेवावें, आणि वर्णनसूचींत एवढेंच लिहावें: येथें चार ओळी हरताळाखालीं आहेत, हात अनिश्चित.

(१०) उपसंहार

या सर्व विवेचनाचें तात्पर्य थोडक्यांत असें. चित्राचा किंवा ग्रंथाचा अर्थ लावण्यापूर्वीं, आपल्यापुढें जें आहे तें कर्त्यानेंच ठेविलें आहे काय, हें विचारावें. जेथें कांहीं नाहीं तेथें हा प्रश्न दुप्पट सावधपणें विचारावा. कारण लिहिलेल्या अक्षरास निदान वळण असतें व त्यावरून हात ओळखतां येतो, कोऱ्या जागेस वळण नसतें, आणि म्हणून ती वाटेल त्या अर्थास आश्रय देते. आम्हीं त्या भिंतीवर जें वाचलें तें तेथें नव्हतें, तें आमच्याजवळ होतें.

जुनी छापील प्रत अद्यापि आमच्या खोलींत टांगलेली आहे. ती उतरवून नवी लावावी असें एक-दोघां विद्यार्थ्यांनीं सुचविलें. आम्हीं नवी प्रत मागविली व जुनीच्या शेजारीं लाविली. एकींत भिंत मोकळी आहे, दुसरींत मदन उभा आहे. मुलगी दोहोंतहि तेंच पत्र वाचीत आहे. आमच्याकडे येणाऱ्या तरुण अभ्यासकांस आम्ही प्रथम जुनी दाखवून अर्थ विचारतों, आणि मग नवी दाखवितों. पाठचिकित्सेचा याहून सोपा पहिला धडा आम्हांस देतां आलेला नाहीं.